चुन्याच्या पोटाची अळी

काकीनं मला पयल्यांदा बगितलं तवा ती आंब्याची साल चघळत व्हती, आन् मी तिच्या इहिरीत पडलेलो व्हतो.

पडायचं काय कारण नव्हतं. इहीर चांगली बांधलेली, कठडा कमरेयेवढा. मी तिच्या वाडीत जागा मागायला गेलो व्हतो. घरात कोणी दिसंना, म्हणून कठड्यावर टेकून ऐटीत इडी पेटवली. इडी पेटली आन् मी मागं गेलो. वर बगतो तर गोल आभाळ, आन् त्या आभाळात एक म्हातारी, गाल हलवतेय. मी ओरडतोय, ती चघळतेय. चघळून झाल्यावर तिनं चोथा बाजूला थुंकला, इहिरीत न्हाय, आन् मंग इचारलं,

"पडलास का उतरलास?"

"पडलो."

"मंग थांब. उतरला असतास तर दोर दिला नसता."

रहाटाचा दोर खाली आला. मी वर आलो, सगळा गळतोय, एक चप्पल आत ऱ्हायलेली. वाटलं आता म्हातारी चा देईल. तिनं माझ्या हातात सालीचा तुकडा ठेवला. "चाव. धक्का बसलाय तुला."

मी चावला. खरा धक्का तवा बसला.

आमचं गाव आगरदांड्याच्या अलीकडं, खाडीच्या काठाला. गावच्या टोकाला काकीची वाडी. नारळ, पोफळी, चार फणस आन् मधोमध एक आंबा. काकी कोणाची काकी ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तिच्यापरीस म्हातारे बाप्ये बी तिला काकीच म्हणायचे. नवरा व्हता म्हणे कवातरी, मुंबईला गेला आन् तितंच ऱ्हायला. तिला इचारलं तर म्हणायची, "गेला. चव बगून गेला."

चवीचं तिला लय. सकाळी उठली की तोंड धुवायच्या आधी वाडीतनं फेरी. सासूनं आमटी चाखावी तशी एकेक झाड चाखायची. इकडचं पान, तिकडची साल, पोफळीचा कोवळा कोंब. चावायचं, डोळे मिटायचे, थुंकायचं. मंग झाडाकडं बगून बोलायची, "काल बरा व्हतास. आज कशाला रागावलायस?"

मी तितं जागा भाड्यानं घेतली तवा पयले काई दिवस मला वाटायचं मलाच बोलतेय. मी म्हणायचो, "न्हाय काकी, मी कुठं रागावलो?" ती म्हणायची, "तुला कोण इचारतोय? तुला चव तरी हाय का?"

एकदा धीर करून इचारलं, "काकी, झाड रागावतं म्हंजे काय?"

ती म्हणाली, "त्याला पाय न्हायत, पळता येत न्हाय. हात न्हायत, मारता येत न्हाय. कीड येऊन अंगावर बसली तर बापडं काय करील? चव बिघडवील. कडू होईल, तुरट होईल, चिकानं तोंड भाजील. तुझ्या बायकोचं जेवण बिघडतं का न्हाय, तू घरी उशिरा गेलास की?"

"बिघडतं."

"मंग? तिला कळतं ते झाडाला कळत न्हाय व्हय?"

आता माझा धंदा सांगतो, म्हंजे मला वाडीत जागा कशाला पायजे व्हती ते कळंल. माझा बाप दर्यावर जायचा, आजा जायचा. मला बोट लागते. होडीत पाय ठेवला की पोट वर येतं. होडी किनाऱ्याला बांधलेली असली तरी येतं. सगळी आळी हसायची. मी सांगायचो की मला दर्या लागत न्हाय, मला दुसऱ्याची होडी लागते. स्वतःची असती तर लागली नसती. परक्या घरात झोप येत न्हाय तसं. बायको म्हणायची, "अवो, लगीन माझ्या बापाच्या मांडवात लागलं तवा बी तुमाला उलटी झाली व्हती. तो मांडव काय तरंगत व्हता?"

म्हणून मी जमिनीवरचा कोळी झालो. तवा जाळी सुताची असायची. सूत खाऱ्या पाण्यात कुजतं, म्हणून जाळ्याला साल द्यायला लागायची. डोंगरातनं ऐनाची साल आणायची, लोखंडी पिंपात पाणी घालून उकळायची, त्या लालभडक काढ्यात जाळं बुडवायचं, वाळवायचं, परत बुडवायचं. त्या तुरटपणाला कुजणं घाबरतं. हे पिंप लावायला जागा आन् पाणी पायजे, ते काकीच्या वाडीत व्हतं. बाकीचे लोक दर्यावर जायचे, मी त्यांची जाळी शिजवायचो. आमच्या आळीत मला आचारी म्हणायचे.

पण डोक्यात एकच किडा, स्वतःची होडी. एकदा होडी झाली की आळीला दावीन कोण आचारी ते.

होडी व्हती काकीच्या वाडीत. उभी व्हती. मधोमधचा आंबा. खोड सरळ, दोन माणसांच्या कवेत न्हाय मावणारं. आमच्याकडं आंब्याचं खोड कोरून होडी करतात. मी पिंपाखाली जाळ घालता घालता त्या खोडाकडं बगायचो. कुठं नाळ येईल, म्हंजे होडीचं पुढचं टोक, कुठं उलांडी बांधायची, म्हंजे ते बाजूचं लाकूड, तोल सांभाळणारं. काकीनं ते पायलं.

"माझ्या झाडाला काय मापं घेतोस डोळ्यांनी?"

मी खरं सांगितलं. ती रागावली न्हाय. म्हणाली, "जित्तं हाय तवर हात लावायचा न्हाय. मेला की खोड तुझं. बोलले."

झाला सौदा. आता तुमी म्हणाल बरं झालं. पण त्या आंब्याला भिरूड लागला व्हता. भिरूड म्हंजे खोड पोखरणारी जाडी पांढरी अळी, करंगळीयेवढी भोकं पाडते, आतनं भुसा बाहेर ढकलते. मोठी झाली की तिचा भुंगा होतो, लांब मिशांचा, धरला की चिर्र करतो. म्हंजे माझी कशी गंमत झाली बगा. भिरडानं झाड मारलं तर खोड मला मिळणार, पण पोखरलेलं. त्याची होडी न्हाय, चाळण होणार. आन् भिरूड मेला तर खोड शाबूत, पण झाड जित्तं, म्हंजे खोड काकीचं. मला पायजे व्हतं की झाड मरावं पण भिरडानं मरू नये. असं मरण आंब्याला कुठनं आणायचं? देवाला नवस बोलायला गेलो तर काय मागायचं तेच जमंना. नारळ ठेवला आन् म्हटलं, तुला कळतंय, तूच बग.

काकीचं त्या आंब्यावर लय मन. का, तर तो कोणालाच खायला यायचा न्हाय. रॉकेलचा वास, चिकानं ओठ फुटायचे. पोरं दुसऱ्याचे आंबे चोरायची, ह्याच्या खालनं सरळ चालत जायची. काकी म्हणायची, "वाडीत येवढं एकच झाड शानं. कोणाला जवळ करत न्हाय." आन् अशा झाडाला भिरूड लागला. ते तिला लागलं. खोडावर भुसा दिसला की ती चिमटीत धरून जिभेवर ठेवायची. "माझा आंबा जन्मभर कडू होत आला," म्हणायची, "आन् हा मेला त्यातच घर बांधून बसलाय. ह्याला कडू लागत कसं न्हाय?"

ह्या एका सवालापायी ती इरेला पेटली. आधी तमाखूचं पाणी भोकात ओतलं. मंग काजऱ्याच्या बिया उकळून. काजरा म्हंजे इखच, ते पाणी करताना तिनं मला अंगणाबाहेर उभं केलं, म्हणाली, "तुझा भरोसा न्हाय, इहिरीत पडतोस." ते तिनं चाखलं न्हाय. येवढी अक्कल तिला व्हती. प्रत्येक येळी काई दिवस भुसा बंद, आन् आमी दोघं खूश. म्हंजे ती खूश, मी अर्धा खूश. मंग परत भुसा.

त्याच सुमारास घराघरात डीडीटी मारणारे आले. मच्छर मारायला आले, पण आमच्याकडं ढेकूणच मेले. काय सांगू, लग्नानंतर पयल्यांदा मी खाटेवर सरळ झोपलो. गावात सांगत सुटलो की सरकारनं माझ्यासाठी माणसं पाठवली. पुढल्या वर्साला बी मारून गेले, थोडे ढेकूण ऱ्हायले. त्याच्या पुढं मारून गेले, तर ढेकूण भिंतीवरनं असे फिरतायत, देवळात पाया पडून आल्यासारखे. काकी आली, भिंतीला नाक लावलं, म्हणाली, "जे मरायचे ते मेले. ज्यांना पचलं त्यांची पोरं हायत ही. आता ह्यांना हेच गोड लागंल."

"मंग मी झोपू कुठं?"

"तू बी पचव," ती म्हणाली. "ढेकूण."

आता माझी अक्कल चालली. मी म्हटलं, काकी, तमाखू झाली, काजरा झाला. माझ्या पिंपातला काढा ओता की. ज्यानं जाळं कुजत न्हाय त्यानं झाड कसं मरंल? आटवून आटवून डिंकासारखा करतो. मनात म्हटलं, खोड बी आतनं पक्कं होईल, होडीला बरं. काकीनं मान हलवली. मी दिवसभर आटवलं. आटवताना पिंपात वाकून चव बगायला गेलो, काकीसारखी, तर एक बुडबुडा फुटला आन् सगळा काढा नडगीवर. काकीनं पाण्यात हळद कालवून नडगीवर जाड थर दिला. म्हणाली, "आता काढा ऱ्हाऊ दे. आधी तुझा ऐन दाव मला. कुठनं साल काढतोस तो."

लंगडत लंगडत तिला डोंगरात नेलं. पावसाळ्याचे दिवस, ऐन भरलेला. काकीनं एक पान तोडलं, अर्धं स्वतः चावलं, अर्धं मला. मी चावलं आन् तोंड आतनं कोणीतरी दोरीनं आवळावं तसं झालं. जीभ टाळूला चिकटली. बोलायला गेलो तर बोकडासारखा आवाज. ते संध्याकाळपत्तुर तसंच ऱ्हायलं. बायको दुसऱ्या दिवशी काकीकडं जाऊन म्हणाली, "काकी, त्या पानांची एक जुडी द्या की."

पण काकी माझ्याकडं बगत नव्हती. ती वर बगत व्हती. त्या ऐनाच्या फांदीवर हिरव्यागार अळ्या बसल्या व्हत्या, अंगठ्यापरीस जाड, त्या रेशमाचे कोश करतात त्या. जे पान खाऊन माझी वाचा गेली ते त्या अशा खात व्हत्या, लग्नात जिलबी खावी तशा. अर्धी फांदी साफ.

काकीनं फांदी वाकवून त्यांना जवळनं बगितलं. मंग म्हणाली, "दोन घे बरोबर."

मी टावेलात बांधल्या. घरी आलो, तिच्या ओट्यावर बसलो, मांडी घालून. टावेल मांडीत. आन् मी कसा बसतो ते तुमाला ठाऊक न्हाय. कायतरी फुटलं. टावेलातनं हिरवा रस आला तो नडगीवरच्या हळदीवर, आन् बगता बगता पिवळी हळद लाल. लालभडक. मला वाटलं पाय फुटला. तोंड तर आवळलेलं, ओरडता येईना, नुसतं बें बें. डोळ्यापुढं बायको आली, कपाळ पुसताना.

काकी आतनं आली. पायाकडं बगितलं. खाली बसली, बोटानं ते लाल उचललं, वास घेतला.

"रगत न्हाय रे हे," म्हणाली. "कुंकू झालंय."

आमच्या बायका हळदीचं कुंकू करायच्या घरी, हळदीत खार न्हायतर चुना घालून. पिवळ्याचं लाल होतं ते त्यानं. काकीनं ते बोट जिभेच्या टोकाला लावलं. मी डोळे मिटले. माझ्या मांडीवरची फुटकी अळी माणूस चाखतोय, हे बगायला मला माझ्या बापानं जन्माला घातलं नव्हतं.

"साबण," काकी म्हणाली. "साबणासारखं बुळबुळीत. हिच्या पोटात चुना हाय."

मंग ती माझ्या तोंडाकडं बगायला लागली. माझं तोंड तवा पानानं कायम लाल. "तू इड्यात काय खातोस?"

मी बोटानं दावलं, काथ.

"काथ कशाचा? खैराचा. झाडाचाच तो. नुसता खाऊन बग, ह्या ऐनाचा भाऊ. मंग तुला गोड कसा लागतो? चुना लावतोस म्हणून." ती अशी हसली की दात दिसले, व्हते तेवढे. "झाडानं तुरट केलं, हिनं पोटात चुना ठेवला. तू डबीत ठेवतोस, ही पोटात ठेवते. हिची आन् तुझी अक्कल एकच. हिची जरा जास्त, हिला डबी हरवत न्हाय."

बस. दुसऱ्या दिवसापासनं गावात माझं नाव अळी. आचारी गेलं, अळी आलं. बायकोला अळीबाई म्हणायला लागले, तिनं माझ्याशी अबोला धरला. माझी वाचा परत आली व्हती, पण घरात ऐकायला कोणी नव्हतं.

काकी मात्र त्या दिवसापासनं बदलली. भोकात ओतायचं सगळं बंद. म्हणाली, "माझीच चूक. मी कडूवर कडू ओतीत गेले. तो जन्मला कडूत, वाढला कडूत, त्याच्या पोटात बी काय ना काय डबी असणारच. आपण एक कडू करू, तो एक शिकंल. माझा आंबा शंभर वर्सं हेच करतोय, त्याला जमलं न्हाय, मला काय जमंल? ज्याला त्याचं पोट उत्तर देणार न्हाय असं कायतरी पायजे."

"काय?"

"तुझा गळ आण."

मासे धरायचा गळ. माझ्या बापाचा, घरात खुंटीला गंजत पडलेला. तो आमी लांब तारेला बांधला. काकीनं खोडाला कान लावला, कुठं कुरतडतंय ते ऐकलं, आन् तितल्या भोकात मी तार घातली. आत आत गेली. कायतरी मऊ लागलं. झटका दिला. गळाला लागून भिरूड बाहेर आला, पांढरा, जाडा, वळवळतोय. वर मातीनं भोक लिंपलं.

काय सांगू तुमाला, माझ्या घराण्याच्या गळाला मी पकडलेली ती पयली गोष्ट. जमिनीवर उभा ऱ्हाऊन, उलटी न होता. मी ती तशीच गळाला लोंबकळत आळीतनं फिरवली. एका शेजाऱ्यानं इचारलं, "किलो काय भाव?"

मंग दरवर्सी तेच. पाऊस सरला की मी आंब्यात मासेमारी करायचो. काकी कान लावायची, मी गळ घालायचो. एकेक भिरूड ओढताना आतनं कोणीतरी म्हणायचं, अरे अळी, स्वतःची होडी स्वतःच लांबवतोयस. आन् न ओढावा तर होडीला भोक. तार भोकात अर्ध्यात थांबायची. काकीला कळायचं. म्हणायची, "ओढ, ओढ. चांगलं लाकूड पायजे ना तुला? मी काय अमर हाय? हा आंबा बी न्हाय."

आंबा सुधारला. पालवी फुटली, रॉकेलचा वास परत रस्त्यापत्तुर. माझी होडी दिवसेंदिवस हिरवीगार.

आन् तवाच नायलॉन आलं. पयलं जाळं आळीत आलं तवा सगळी बगायला गेली. कुजत न्हाय, साल नको, रंग नको, उकळायचं न्हाय. मी एक गाठ ओढून बगितली, तुटंना. एकेक करून लोकांनी सुताची जाळी टाकली. माझं पिंप थंड पडलं. त्यात पावसाचं पाणी साठलं, बेडूक झाले. मी काकीकडं नायलॉनचा तुकडा घेऊन गेलो. तिनं चघळला, किती येळ चघळला, आन् परत हातात दिला, जसा व्हता तसा.

"ह्याला चवच न्हाय," म्हणाली. "ह्याच्याशी भांडायला कोण येणार?"

"काकी, माझं काय आता?"

तिनं आंब्याकडं बगितलं. मी बी बगितलं. पैलवानासारखा उभा व्हता तो, आन् त्याला तसा करणारा मीच. आता दर्या सोडून मला दुसरं पोट नव्हतं, आन् दर्यावर जायला दुसऱ्याची होडी मला लागत व्हती. बायको माहेरी जायचं बोलायला लागली. चेष्टेत बोलली असती तर वाईट वाटलं नसतं. ती हळू आवाजात बोलायला लागली.

त्या भादव्यात वारा आला. दिवसाढवळ्या, जेवणाच्या येळेला. कडाड असा आवाज झाला, मी धावत वाडीत गेलो तर आंबा दुफाट्यापासनं उभा फाटलेला. अर्धा खाली, अर्धा उभा. काकी फाटलेल्या लाकडापाशी बसलेली, बोटानं चाचपत व्हती. चाखलं तिनं. थुंकली न्हाय, गिळलं.

मी इतकी वर्सं ह्या दिवसाची वाट बगितली व्हती, आन् माझ्या तोंडातनं काय निघालं? "काकी, उभा हाय तो अर्धा जगंल. माती बांधू."

"जगंल," ती म्हणाली. "अर्धा. आन् भिरूड येईल सगळा. अर्ध्या अंगानं किती कडू होणार तो? सुताराला बोलाव."

"पण जित्ता हाय तवर..."

"माझं बोलणं मला शिकवतोस? बोलाव म्हटलं ना. बुंधा तेवढा ठेव जमिनीवर, माझ्या गुडघ्यायेवढा. बसायला."

सुतारानं खोडावर हातोडीनं वाजवून बगितलं. म्हणाला, पक्कं हाय, हा भिरूड लागलेला आंबा वाटत न्हाय. मी छाती फुगवली. काकी म्हणाली, "कान कोणाचा व्हता?" मी छाती परत घेतली.

होडी झाली. उलांडी बांधली. बुडाला चुना आन् तेल फासलं, खाऱ्या पाण्यातला किडा लागू नये म्हणून आमच्यात फासतात तसं. काकी बुंध्यावर बसून बगत व्हती. म्हणाली, "अळीनं चुना पोटाला आतनं लावला, तू बाहेरनं लाव."

पयल्या फेरीला नारळ फोडला, आळीतली सगळी धक्क्यावर. काकी पुढं आली. जन्मात कवा होडीत बसली नव्हती. "माझा आंबा हाय," म्हणाली, "मी बसणार." बायकोनं तिला हाताला धरून बसवलं. मी वल्हं मारलं. आगरदांड्याहून समोर दिघी, खाडी पार. माझी होडी, माझं वल्हं, माझ्या बापाचा गळ. अर्ध्यात गेलो, पोट कुठं हाय ते चाचपलं, ठीक व्हतं. मी काकीकडं वळून म्हटलं, "बगा, बोललो व्हतो ना, दुसऱ्याची होडी ला..."

येवढंच बोललो. बाकीचं खाडीत गेलं.

कडेला लोंबकळून मी उलट्या करतोय, आन् माझ्या नाकाखाली होडीच्या काठावर भुसा पडायला लागला. बारीक, ताजा. लाकडाला भोक पडलं. त्यातनं आधी दोन लांब मिशा आल्या, मंग डोकं, मंग सगळा भुंगा. तमाखू पिऊन, काजरा पिऊन, गळ चुकवून, करवत चुकवून, सुताराच्या वाकसाची धार चुकवून, तो बाहेर आला आन् काठावर बसला. चोहोकडं पाणी. त्यानं मिशा हलवल्या. मी त्याच्याकडं बगितलं. मला परत उलटी झाली.

काकीनं हात पुढं केला आन् त्याला धरलं. चिर्र. तिनं त्याला पदरात घेतलं, लुगड्याच्या टोकात सैल गाठ मारली.

"सगळं पचवलं रे ह्यानं," म्हणाली. "दर्या तेवढा पचत न्हाय. तुझ्यासारखंच. फिरव होडी."

"काकी, अर्ध्यात आलोय. धक्क्यावर सगळी बगतायत."

"फिरव."

फिरवली. धक्क्यावर कोणीतरी ओरडलं, "अळी, दिघी सापडली न्हाय काय?" काकी सरळ वाडीत. मी मागं. बुंध्याला चारपाच कोंब फुटले व्हते, तांबूस, बोटायेवढे. तिनं गाठ सोडली आन् भुंगा बुंध्यावर ठेवला.

मला राग आला. खरंच आला. "काकी, येवढी वर्सं ह्याच्यापायी तुमी रडलात. गळ घालून घालून माझ्या हाताला घट्टे पडले. आन् आता ह्याला कोंबांवर सोडता?"

ती बुंध्यावर त्याच्या शेजारी बसली. "कोंबांना कळू दे कोण हाय त्यांच्या नशिबात," म्हणाली. "लहानपणापासनं कळलं तर नीट कडू होतील."

मंग कमरेच्या पिशवीतनं तिनं ऐनाच्या सालीचा तुकडा काढला, माझ्याच पिंपापाशी पडलेला. "हा दाढेत धर आन् परत जा. बायको धक्क्यावर उभी हाय."

मी गेलो. दाढेत साल, तोंड आवळलेलं. पोट वर यायला बगायचं, पण वरचं दारच बंद. त्या दिवशी दिघीला पोचलो. आठवडाभरानं मासे घेऊन आलो, थोडेच, मांजराला पुरतील येवढे. बायको माहेरी गेली न्हाय. पुढं सालीची सवय झाली, तुकडा मोठा मोठा होत गेला. आता पानासारखा खातो. गोड लागतो.

काकी जाऊन लय वर्सं झाली. बुंध्याचे कोंब मोठे झाले, त्यातला एक झाडच झालाय. फळ तसंच, रॉकेल. दरवर्सी पाऊस सरला की मी खोडाला कान लावतो, गळ घालतो, जेवढे निघतील तेवढे ओढतो. मंग साल चाखतो, काकीसारखी. माझी जीभ काथचुन्यानं भाजलेली, त्यात येवढ्या वर्सांचा ऐन, तिला काय कळणार? दरवर्सी चावायचो, कडू कायच लागायचं न्हाय, गिळायचो.

औंदा थुंकलो.